रुग्णाला जपणाऱ्यांचा श्वास कोण जपणार?

आमचा दिंडोरी तालुका द्राक्षांचा. फवारणीच्या दिवसांत वणी परिसरातील कोणत्याही बागेत जा, अंगठेबहाद्दर मजूरसुद्धा आधी वाऱ्याची दिशा पाहतो, नाकातोंडाला रुमाल बांधतो आणि मगच पंप सुरू करतो. औषधाचा फवारा डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो, म्हणून माणूस त्याच्यापासून स्वतःला जपतो. परंतु चार भिंतींच्या आत, दारे-खिडक्या बंद असलेल्या, धुऊन पुसून लख्ख ठेवलेल्या खोलीतील हवाही माणसाला अपाय करू शकते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्यातून ती खोली रुग्णालयातील असेल तर नाहीच नाही.

ही खोली म्हणजे शस्त्रक्रियागृह. बोलीभाषेत ऑपरेशन थिएटर, आणि तेथे काम करणाऱ्यांच्या तोंडी नुसतेच ‘ओटी’.

रुग्ण या खोलीत तासभर, फार तर चार-पाच तास असतो. बरा होतो आणि घरी जातो. परंतु तेथील सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, ओटी असिस्टंट, वॉर्डबॉय आणि फरशी पुसणारी मावशी ही मंडळी रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे तीच हवा छातीत भरून घेत असतात. ही माणसे कोण? आपल्याच घरांतील. वणीहून नाशिक ४०-४५ किलोमीटर. वणी-दिंडोरीच्या कितीतरी मुली नर्सिंग शिकून नाशिकच्या रुग्णालयांत नोकरीला लागल्या. कितीतरी तरुण कंत्राटदाराकडून वॉर्डबॉय म्हणून लागले. आणि सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. तेव्हा हा विषय केवळ डॉक्टर लोकांचा नाही, तो आपल्या कुटुंबाचा आहे.

मांस जळल्याचा धूर

पहिला प्रकार धुराचा. आज बहुतेक शस्त्रक्रियांत रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे एक उपकरण वापरतात. त्याला ‘कॉटरी’ म्हणतात. १९२६ साली अमेरिकेत बोस्टन येथे बोव्ही या शास्त्रज्ञाने बनविलेले हे यंत्र कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने प्रथम वापरले आणि पुढे ते जगभर पसरले. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदानच आहे. रक्त कमी जाते, वेळ वाचतो.

परंतु कॉटरीचे टोक मांसाला लागले की धूर निघतो. ओटीतील नवीन सिस्टरला पहिल्या दिवशी त्या वासाने मळमळते. महिनाभरात सवय होते आणि मग वास येईनासा होतो. वास येईनासा झाला म्हणून धूर निघायचा थांबत नाही. या धुरात बहुतांश पाण्याची वाफ असते हे खरे. पण उरलेल्या भागात बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड अशी द्रव्ये आणि पेशींचे अतिसूक्ष्म कण असतात. १९८१ साली जपानमधील संशोधकांनी पाहिले की, कॉटरीने एक ग्रॅम मांस जाळल्यावर निघणाऱ्या धुराची जनुके बिघडवण्याची ताकद सुमारे सहा सिगारेटींच्या धुराइतकी असते. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आपल्या मुलीच्या छातीत हा धूर जातो, याचा विचार पालकांनी करावा.

यात जंतूंचाही प्रश्न आहे. १९८८ साली अमेरिकेत लेसरने चामखीळ जाळताना निघालेल्या वाफेत चामखिळीच्या विषाणूचा अंश सापडला. १९९१ साली नॉर्वेमधील एका शल्यविशारदाच्या स्वरयंत्रात चामखिळीसारख्या गाठी आढळल्या. तो अशाच रुग्णांवर लेसरचे उपचार करीत असे. अशी उदाहरणे थोडी आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुर्लक्ष करण्याचेही नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओटीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क असतोच, मग भीती कसली, असे लोक म्हणतात. तो साधा कापडी किंवा तीन पदरी मास्क रुग्णासाठी असतो. आपल्या तोंडातील थुंकीचे कण रुग्णाच्या जखमेत जाऊ नयेत, एवढेच त्याचे काम. त्याच्या कडांतून हवा आत येते आणि तिच्याबरोबर धुराचे बारीक कणही. कण अडवणारा मास्क निराळा, तो एन-९५. करोनाच्या काळात, २०२० साली, हे नाव खेडोपाडी पोहोचले. परंतु साथ ओसरली आणि तो मास्कही कपाटात गेला.

भुलीचा वायू

दुसरा प्रकार भुलीच्या वायूंचा. आमच्यासारख्या ग्रामीण भागात सिझेरियन, हर्निया अशा शस्त्रक्रिया बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन होतात. तेथे हा प्रश्न फारसा येत नाही. मात्र रुग्णाला पूर्ण भूल द्यायची असेल तर नायट्रस ऑक्साइड, हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे वायू नळीवाटे किंवा मास्कवाटे देतात. रुग्णाने बाहेर टाकलेला आणि यंत्राच्या सांध्यांतून गळलेला वायू खोलीत पसरतो.

१९६७ साली सोव्हिएत रशियात वाइसमान यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांची पाहणी केली. त्यांत डोकेदुखी, थकवा, चिडचिड या तक्रारी आढळल्याच. शिवाय महिला डॉक्टरांच्या ३१ गरोदरपणांपैकी १८ गर्भपातात संपल्याचे दिसले. या आकड्याने जग हादरले. पुढे अनेक देशांत पाहण्या झाल्या. काहींत धोका दिसला, काहींच्या पद्धतीतच दोष निघाले. १९९२ साली अमेरिकेत दंतवैद्यांच्या महिला मदतनिसांची पाहणी झाली. वायू बाहेर काढण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांत आठवड्याला पाच तास वा अधिक नायट्रस ऑक्साइडमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांना दिवस राहण्यास विलंब होत असल्याचे तीत दिसले. या साऱ्याचे सार असे की, जेथे वायू नळीने बाहेर सोडला जातो आणि हवा खेळती असते तेथे धोका फार कमी. जेथे तो खोलीतच राहतो तेथे चिंता करावी.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने १९७७ साली मर्यादा सुचविली. नायट्रस ऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांपेक्षा जास्त नको आणि हॅलोथेनसारखे वायू २ भागांपेक्षा जास्त नकोत. हॅलोथेनचा गोडसर वास नाकाला जाणवू लागतो तोवर ही मर्यादा बहुधा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे येथे नाकावर विसंबून चालत नाही.

शनिवारची धुरी

तिसरा प्रकार जंतुनाशकांचा. लहान रुग्णालयांत तोच सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

पुष्कळ ठिकाणी आठवड्याच्या शेवटी ओटी बंद करून फॉर्मालिनची धुरी देण्याची जुनी पद्धत आहे. फॉर्मालिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचे पाण्यातील ३७ ते ४० टक्के द्रावण. दारे-खिडक्या चिकटपट्टीने बंद करतात, भांड्यात फॉर्मालिनची वाफ करतात आणि खोली रात्रभर तशीच ठेवतात. जंतू मरतात, पण तो वायू माणसालाही सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले.

आमच्या परिचयाच्या एक मावशी एका खासगी रुग्णालयात हे काम करीत. आम्ही त्यांना विचारले, “मावशी, भांडे ठेवताना तोंडाला काय लावता?”

“काय लावणार भाऊ? पदर. श्वास धरायचा, भांडं ठेवायचं अन् पळत सुटायचं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. दुसऱ्या दिवशी दार पण मलाच उघडावं लागतं.”

“डॉक्टरसाहेबांना कधी सांगितले का?”

“त्यांना कशाला सांगायचं? ते यायच्या आत वास गेलेला असतो.”

मावशींच्या या शेवटच्या वाक्यात सगळा प्रश्न आला. हवा सर्वांत वाईट असते तेव्हा खोलीत फक्त सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

अशीच आणखी दोन द्रव्ये आहेत. दुर्बिणीसारखी उपकरणे बुडवून ठेवण्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड वापरतात. त्याने डोळे चुरचुरतात, त्वचेला खाज सुटते आणि काहींना कायमचा दमा जडतो. ब्रिटनमध्ये त्याचे प्रमुख द्रावण २००२ साली बाजारातून काढून घेतले गेले. दुसरे इथिलीन ऑक्साइड, ज्याला ओटीत ‘ईटीओ’ म्हणतात. उष्णता न सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वस्तू त्याने निर्जंतुक करतात. १९९४ साली त्यालाही कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्याच गटात ठेवण्यात आले. यंत्रातील वायू पुरता निघून जाण्याआधी दार उघडले की तो थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

एसी आहे, पण हवा तीच

“आमच्याकडे एसी आहे” असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतीलच हवा ओढून, थंड करून परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. धूर थंड होतो, जात नाही. रुग्णालयांना दर्जा देणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत ओटीसाठी खिडकीचा वा स्प्लिट एसी वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यात जंतूंनाही आसरा मिळतो, हे एक कारण.

त्याच सूचनांत म्हटले आहे की, ओटीतील हवा तासाला किमान २० वेळा बदलली पाहिजे आणि त्यांपैकी किमान ४ वेळा बाहेरची ताजी हवा यायला हवी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. आकडा दिसला की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच खोली धरा. तिच्यात ४,००० घनफूट हवा मावते. तासाला २० वेळा बदलायची म्हणजे ८०,००० घनफूट हवा गाळणीतून फिरली पाहिजे आणि त्यांत १६,००० घनफूट बाहेरची ताजी हवा पाहिजे. स्प्लिट एसीच्या खात्यात ताज्या हवेची जमा किती? शून्य.

मग एक एक्झॉस्ट पंखा लावला की झाले, असेही नाही. नुसता पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी दाराच्या फटीतून बोळातील धूळ व जंतू आत ओढतो. त्याने रुग्णाच्या जखमेला धोका. म्हणून ओटीत गाळलेली हवा वरून आत यावी, खालून बाहेर जावी आणि आतील दाब बोळापेक्षा किंचित जास्त राहावा, अशी रचना लागते. हे काम जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्यावे. रुग्णाचे हित आणि कर्मचाऱ्याचे हित येथे एकमेकांविरुद्ध नाही, दोन्ही एकाच यंत्रणेने साधते.

हातमोज्यांचा इतिहास

ओटीत कर्मचाऱ्याचा विचार कधी झालाच नाही, असे नाही. इंग्लंडचे लिस्टर हे जंतुरहित शस्त्रक्रियेचे जनक. १८७० नंतर ते शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिक आम्लाचा फवारा उडवीत. जंतू मरावेत हा हेतू. परंतु त्या फवाऱ्याने डॉक्टरांचे हात सोलून निघत, खोकला येई. अखेर १८९० साली बर्लिनच्या परिषदेत लिस्टर यांनीच त्या फवाऱ्याची शिफारस केल्याबद्दल खेद व्यक्त केला.

दुसरी गोष्ट त्याच सुमाराची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या मुख्य परिचारिका होत्या. जंतुनाशक द्रावणाने त्यांच्या हातांना सारखी फोड-खाज होई. हॉल्स्टेड या शल्यविशारदांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. आज रुग्णाच्या रक्षणासाठी जे हातमोजे जगभर सक्तीचे आहेत, ते मुळात एका परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी ओटीत आले. कर्मचाऱ्याला जपले की त्यातून रुग्णाचेही भले होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

नोंद नाही म्हणजे रोग नाही

हवेमुळे रुग्णालयातील माणसे आजारी पडतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबई महापालिकेच्या शिवडी क्षयरोग रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना रुग्णांपासून क्षयाची लागण झाली, काही दगावलेही. तेथे निदान रोगाचे नाव ठाऊक होते. ओटीतील धूर-वायूंचे तसे नाही. दमा, डोकेदुखी, गर्भपात यांची कारणे शंभर. मग कामाचा संबंध कसा सिद्ध करणार?

कचेरीत एक नियम असतो. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही. ओटीत रुग्णाच्या नावाची नोंद असते, औषधांची असते, धुरी दिल्याच्या तारखेचीही असते. धुरी कोणी दिली, त्याला पुढे काय त्रास झाला, याची नोंद नसते. कंत्राटी कामगाराचे तर विचारूच नका. आज या रुग्णालयात, सहा महिन्यांनी दुसऱ्या. वीस वर्षांनी खोकल्याने जर्जर झाला तर तो कोणत्या खोलीत, कोणते द्रव्य हाताळत होता, हे सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो.

कायद्याने मात्र काही दारे उघडी ठेवली आहेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालयाने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची आणि कचरा हाताळणाऱ्या इतरांची कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करून तिची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. तसेच आरोग्यसेवेच्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोग आणि कामाच्या जागच्या द्रव्यांमुळे जडलेला दमा हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने व्यवसायजन्य रोगांत धरले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी घेतली आहे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करून दिली आणि १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. ज्यांच्यासाठी ही दारे उघडली, त्यांनी ती माहीत करून घ्यायला नकोत काय?

आपण काय करावे?

ओटीत काम करणाऱ्या भगिनी-बांधवांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यांतील बहुतेकांना पैसा फारसा लागत नाही.

१. कॉटरी चालू असताना धूर ओढणारी नळी धुराच्या उगमापासून दोन इंचांच्या आत धरावी. धूर थोडा असेल तर भिंतीवरचे सक्शन मधे गाळणी लावून चालते. जास्त असेल तर धूर ओढणारे स्वतंत्र यंत्र हवे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१८ साली रुग्णालयांना अशी सोय कायद्यानेच सक्तीची केली.

२. धुराच्या कामात एन-९५ मास्क मागावा आणि तो कडांना घट्ट बसतो की नाही हे पाहावे.

३. भुलीच्या यंत्रातून बाहेर पडणारा वायू नळीने इमारतीबाहेर सोडला आहे काय, हे विचारावे. रुग्णाला जोडलेले नसताना वायूची कळ बंद असावी. सांध्यांची गळती नियमित तपासून घ्यावी.

४. फॉर्मालिनच्या धुरीऐवजी साबण-पाणी व जंतुनाशकाने पृष्ठभाग पुसणे आणि हवेची योग्य यंत्रणा यांवर भर द्यावा, असे आता जाणकार सांगतात. धुरी द्यायचीच असेल तर पदर पुरत नाही. वायू अडवणारा मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेत. साधा एन-९५ सुद्धा वायू अडवत नाही, हे लक्षात असू द्यावे.

५. ग्लुटाराल्डिहाइडचे भांडे झाकून, हवेशीर जागी ठेवावे. ईटीओ यंत्राचे दार ठरलेल्या वेळेआधी उघडू नये.

६. दिवस गेल्याचे कळताच सिस्टरने लाज न बाळगता प्रमुखांना सांगावे आणि वायू, धुरी व ईटीओच्या कामातून बदली मागावी. सासूबाईंनी आणि यजमानांनी या बाबतीत तिच्या पाठीशी उभे राहावे.

७. घरी एक साधी शंभर पानी वही ठेवावी. कोणत्या तारखेपासून कोणत्या रुग्णालयात, कोणत्या कंत्राटदाराकडे, कोणते काम केले, कधी काय त्रास झाला, कोणत्या डॉक्टरांना दाखवले, हे लिहावे. औषधांच्या चिठ्ठ्या त्यातच डकवाव्यात. मावशींना लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाने लिहून द्यावे.

८. वार्षिक तपासणीचा अहवाल लेखी मागावा. ग्रामीण रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावरील लोकप्रतिनिधींनी खाटांची आणि औषधांची चौकशी करतात तशी ओटीच्या हवेची आणि कर्मचाऱ्यांच्या तपासणीचीही करावी.

हे वाचून कोणी मुलीला नर्सिंगला पाठवायचे थांबवील तर आमच्या लिहिण्याचा उलटाच परिणाम झाला, असे होईल. नर्सिंगने आपल्या कितीतरी घरांत पहिला नियमित पगार आणला, मुलींना स्वतःच्या पायावर उभे केले. आणि कोणी शस्त्रक्रियेला भिऊ नये. रुग्णासाठी ओटी ही जीव वाचवणारी जागा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, तेथे जीव वाचवणाऱ्याचाही जीव मोजला जावा.

नाशिक जिल्ह्यातील कामगार संघटना, परिचारिकांच्या संघटना आणि आपली महिला मंडळे यांनी येत्या वर्षात एकच मागणी लावून धरावी. प्रत्येक ओटीत, रुग्णांच्या नोंदवहीशेजारी, तेथे काम करणाऱ्यांच्या आरोग्याची एक नोंदवही असावी आणि तिच्यात पहिले नाव फरशी पुसणाऱ्या मावशींचे असावे. वहीची किंमत फार तर पन्नास रुपये. तेवढीही न परवडणारे रुग्णालय आमच्या तरी पाहण्यात नाही.